पुढून हलकी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या माघारी जन्मलेली माणसंसुद्धा आता गुडघ्याला तेल चोळत बसतात. एवढ्या काळात तुम्हाला काही सांगायचं राहिलंय असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या पंधरा दिवसांत आपल्या घरी एका नव्या गाडीवरून बराच खल झाला आणि त्यात तुमचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मला शाळेत घालायचं की नाही यावर तुमचं आणि आईचं एकमत होईस्तोवर माझं लग्न झालं होतं. तेव्हा मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. विचारलं तर म्हणते, “आज्जे, पत्र हाय हे, बांधावरचं भांडण न्हाई.” चालू दे. तुम्ही ऐकताना मनातल्या मनात माझी बोली घाला.

आधी तुमचंच सांगते, म्हणजे मला काय वाटत होतं ते कळेल. तुमची मालमोटार करंजी घाटात उलटली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. ज्वारीच्या गोण्या भरून तुम्ही खालून नगरला निघाला होता आणि चढावरच्या तिसऱ्या वळणाला गाडी वळलीच नाही, सरळ रस्त्याकडेच्या चारीत जाऊन कलंडली. तुमचा उजवा हात मोडला. शेठने दुसरा ड्रायव्हर ठेवला. आपण घाट चढून नगरजवळ भिंगारला आलो, तुम्ही पंक्चरचं दुकान टाकलं आणि मरेपर्यंत पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. गाव म्हणालं, पिऊन होता. मामा म्हणाला, पिऊन होता. आई तोंडानं काही म्हणाली नाही, पण तुम्हाला वाढताना ताट जरा आपटून ठेवायची. तुम्ही सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, “गाडी पुढून हलकी लागली.” त्यावर लोक हसायचे. “गाडी कशाची, ह्योच हलका झाला व्हता,” असं पारावर म्हणायचे, आणि मी पाण्याची कळशी घेऊन तिथूनच जायचे.

आता तुम्ही घेतच नव्हता असं मी म्हणणार नाही. शेठची गाडी मंगळवारी उभी असायची आणि त्या दिवशी तुम्ही बसायचात. माझ्यासाठी नगरच्या बाजारातून चपला आणल्या होत्या तो मंगळवारच होता. लाल पट्ट्याच्या, नव्याकोऱ्या, आणि दोन्ही डाव्या पायाच्या. आईनं त्या तुमच्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “आता हिचा उजवा पाय बी तुमीच डावा करून आणा.” तुम्ही बराच वेळ त्या चपलांकडे बघितलं आणि म्हणालात, “दुकानात बरोबर व्हत्या.” त्या मी वर्षभर घातल्या. माझा उजवा पाय अजून जरा आत वळतो, नगरचा डॉक्टर त्याला वात म्हणतो, मी म्हणू देते. पण त्या चपलांमुळेच असेल, घाटातलंही मी खरं मानलं. ज्याला डावं-उजवं कळलं नाही त्याला वळण काय कळणार, असा माझा सरळ हिशेब. पुढे लग्न होऊन मी परत घाटाखाली आले, माहेरी जाताना एसटी त्याच वळणावरून जायची, आणि दर खेपेला मी डोळे मिटून घ्यायचे. शेजारी बसलेल्या बायकांना वाटायचं म्हातारीला गाडी लागते. मी तिशीत होते तेव्हाही त्यांना तसंच वाटायचं.

आता नव्या गाडीचं. आपल्याकडे एक पिकअप आहे. पिकअप म्हणजे मालमोटारीची धाकटी बहीण समजा, पुढे छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा. तुमचा नातू एमआयडीसीत पाळीनं जातो, म्हणून पिकअप चालवते ती माझी सून. वस्तीवरचा भाजीपाला आणि कांदा भरायचा, पहाटे घाट चढायचा, नगरच्या मार्केटला उतरवायचा, दहा-अकराला घरी. सात वर्षं झाली. सुरुवातीला लोक रस्त्यात थांबून बघायचे, आता तिलाच थांबवून आपल्या गोण्या टाकतात. पण जुन्या गाडीचं स्टेअरिंग म्हणजे जात्याचा खुंटा. मागच्या उन्हाळ्यापासून तिचा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना, पोरगी घालून द्यायची. डॉक्टरनं सांगितलं, एक तर गाडी बदला, नाही तर गाडी सोडा. सोडायची म्हटल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “आत्या, मला घरात बसवू नका. मी बसले की लई वंगाळ बाई हाय.” ते मला माहीत होतंच.

त्याच सुमारास कंपनीनं तीच पिकअप नव्यानं घडवून बाजारात आणली. नाव तेच, पण तोंड वेगळं, हौदा लांब, आणि स्टेअरिंग म्हणे लोण्यासारखं. सुनेनं एजन्सीत जाऊन ती चालवून बघितली आणि येताना चेहऱ्यावर असं तेज की मला वाटलं माहेराला जाऊन आली. एजन्सीवाल्यानं रविवारपर्यंत नक्की सांगा म्हटलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली, की माझ्या चुलत दिराच्या मुलानं महिन्यापूर्वी घेतलेली हीच नवी गाडी करंजी घाटात कठड्याला जाऊन घासली. घाटाचं नाव ऐकलं आणि मी म्हणाले, नको. मला ती गाडी नको, तो घाट नको, ती जात्याचीच बरी. सून नुसती उठली आणि डाव्या हातानं माझ्या कपात चहा ओतला, कारण उजवा किटलीपर्यंत जात नव्हता. ते बघून मला माझं ‘नको’ गिळावं लागलं. मी म्हणाले, ज्यांनी ज्यांनी ही गाडी घेतलीय त्यांना सगळ्यांना जेवायला बोलव. एजन्सीवाल्याचं गोड बोलणं ऐकलं, आता मालकांचं ऐकू. पोटात आमटी गेली की माणूस खरं बोलतो.

आपल्या आसपास तिघांनी घेतली होती. एक तो माझा पुतण्या, कांदेवाला. दुसरा दूधवाला, जो गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. तिसरा मंडपवाला, लग्नाचे पाइप आणि कनाती नेणारा. शनिवारी दुपारी तिघंही आपापल्या गाड्या घेऊन आले आणि अंगणात अशा ओळीनं लावल्या की वस्तीवरच्या लोकांना वाटलं आमच्याकडे साखरपुडा आहे. शिपी आमटी केली होती, भाकरी, वर कांदा. पत्र्याच्या सावलीत तिघं बसले, सून वाढत होती, मी पाटावर बसून ऐकत होते.

पुतण्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, “काकू, खरं सांगू का, गाडी बायकी झाली. स्टेअरिंग येका बोटानं फिरतंय. गाडी चालवल्यावानी वाटतच न्हाई. सांच्याला दंड दुखत न्हाईत, म्हंजी काय काम केलं?”

सून आमटीचं भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, “मग मला चालंल.”

पुतण्या जरा चपापला. “तसं न्हवं वहिनी.”

“आसू दे, आसू दे,” मी म्हणाले. “आजून काय काय बायकी हाय तिच्यात ते सांग. समदं आयकून घेऊ.”

मग त्यानं पाढाच वाचला. सीट वर-खाली होतं, पाण्याची बाटली ठेवायला खण आहे, पायाखालचा क्लच असा की पाय ठेवला तरी खाली जातो, खड्ड्यात गेली तरी कंबर बोलत नाही. मी विचारलं, “ही तक्रार हाय का तारीफ?” तो म्हणाला, “काकू, सवय न्हाई ना.” समोर एक टीव्हीसारखी काच आहे, तेही त्याला पसंत नव्हतं. मी विचारलं त्या काचेत काय दिसतं. मागचं दिसतं म्हणाला. पुढे बसायचं आणि मागचं बघायचं. मी म्हणाले, हे तर म्हाताऱ्यांसाठीच केलेलं दिसतंय.

मंडपवाल्याचं दुःख वेगळंच होतं. “मावशी, माजं पाइप मागं दोन-अडीच हात भाईर येतात. गाडीला वाटतं मागं भित हाय. रिव्हर्स टाकला की जी कोकलायला लागती ती थांबतच न्हाई. लग्नाच्या घरी पोचलो की वऱ्हाडाच्या आधी हीच बोंब मारती. परवा नवरीचा बाप म्हनला, बॅंडवाला सांगितलाय आमी, तू कशाला आनलास.”

दूधवाला हळू जेवणारा. भाकरी चुरून झाली, आमटी ओतून झाली, मग म्हणाला, “माजी येकच तक्रार हाय आजी. तिला आवाज न्हाई. जुन्या गाडीचा आवाज वळणावर आला की बाया कॅन घिऊन भाईर यायच्या. आता मी दारात जाऊन उभा ऱ्हातो, हॉर्न देतो, तर म्हंत्यात कोन पावणा आला. आठ दिस निम्मं दूध घरातच ऱ्हायलं.”

सगळे हसलो. सूनही हसली. मला वाटलं, झालं, एवढ्याच तक्रारी असतील तर उद्या होकार कळवून टाकू. तेवढ्यात पुतण्यानं ताटावर हात झटकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “पन येक सांगतो काकू. वहिनीला लोड घिऊन घाटात पाठवू नका. तिसऱ्या वळणाला गाडी पुढून हलकी लागली. मी स्टेअरिंग फिरवतोय आन ती आपली सरळच. कठड्याला घासली म्हनून थांबली, न्हाई तर मी आत्ता हितं जेवत नसतो.”

आप्पा, तुमचं वाक्य. त्याच घाटात, त्याच वळणावर, शब्दाला शब्द तेच. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. हा पुतण्या सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. माळकरी बापाचा माळकरी पोरगा, लग्नात सोड्याची बाटली दिली तर आधी वास घेतो. आणि तो तुमचं बोलणं बोलत होता. सुनेनं भांडं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत पुसत आत गेली. तिला वाटलं, गेली गाडी. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं की आता मी नीट विचार केला नाही तर ही बाई खरंच घरात बसेल.

मी दूधवाल्याला विचारलं, “तुजी लागती का पुढून हलकी?”

“न्हाई बा. माजी रोज घाट चढती.”

मंडपवाला म्हणाला, “माजी लागती. पन चढालाच. आन पाइप आसलं तरच.”

“तू कॅन किती नेतोस?” मी दूधवाल्याला म्हणाले.

“तीस. तेवढीच हायत माज्याकडं. केबिनच्या पाठीला लावून उभी करतो, दोर बांधतो.”

“आन तुज्या गोन्या?”

पुतण्या म्हणाला, “गोन्या कोन मोजतंय काकू. पाटा बघून भरायचं.”

नात विचारते आहे, पाटा म्हणजे काय ते लिहू का. तुम्हाला काय सांगायचं, पण लिही. मागच्या चाकावर वाकलेल्या पोलादी पट्ट्या असतात, एकावर एक. ओझं पडेल तशा त्या खाली बसतात, आणि सपाट झाल्या की आमच्याकडे माल भरणं थांबतं. काटा नाही, मोजणी नाही. हमाल गोणी टाकतो, मालक मागे वाकून पाट्याकडे बघतो आणि ‘बास’ म्हणतो. बापाला बघून पोरगा शिकतो. आमच्या अख्ख्या पट्ट्यात असंच चालतं आणि कुणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मी विचारलं, “जुन्या गाडीचा पाटा कितीला बसायचा?”

“चाळिसाला सपाट.”

“आन हिचा?”

“हिचा लई दांडगा हाय काकू. कंपनीनं जाड दिलाय. साठ झाल्या तरी बसंना.” हे तो कौतुकानं सांगत होता. सांगता सांगता त्याचाच आवाज हळू झाला.

मी काठी घेतली आणि अंगणात गेले. त्याच्या गाडीच्या मागे उकिडवी बसले, म्हणजे बसायला जो वेळ लागतो तो लागला. पाटा खरंच जाडजूड, कमानीसारखा. आणि हौदा चाकाच्या मागे बराच बाहेर आलेला. जुन्या गाडीत तिथे चार गोण्या मावायच्या, हिच्यात दुप्पट-तिप्पट. आता बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं तर काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या माना मोकळ्या पडतात. मोटारीला जू दिसत नाही, एवढंच. चढाला लागली की पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली असतात, आणि माणूस स्टेअरिंग फिरवतो. वळणार कशी. मंडपवाल्याचे पाइपही मागेच लोंबत होते. दूधवाल्याचे कॅन मोजके आणि पुढे, म्हणून त्याला काही नाही.

तिथे धुळीत बसले असताना मला तुमची गाडी उलटली ती सकाळ दिसली. मी तुमच्याबरोबर माल भरायच्या जागी यायचे. तुम्ही मला मोजायला बसवायचा, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत, एका हाताची बारा. एकदा मी मोजता मोजता हमालाच्या बायकोशी गप्पा मारल्या आणि एक गोणी चुकली, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होता, “मोजनाऱ्यानं तोंड मिटून ऱ्हायाचं.” त्यानंतर माझी एकही गोणी चुकली नाही. एरवी तुमच्या गाडीत पाच हात, म्हणजे साठ गोण्या व्हायच्या. त्या सकाळी शेठनं गाडीची बॉडी नवी बांधून आणलेली आहे, पिवळा रंग अजून हाताला लागतो आहे, मागचा हौदा लांब केलेला आहे आणि पाट्यात एक-एक पट्टी वाढवलेली आहे. तुम्ही गाडीभोवती दोनदा फिरता, जसं काही तुम्हालाच नवे कपडे शिवलेत. हमाल टाकत राहतात. मी सांगते, “आप्पा, सहा हात झालं.” तुम्ही मागे वाकता, पाट्याकडे बघता आणि म्हणता, “मोजनी ऱ्हाऊ दे. पाटा बघ, आजून बसला न्हाई.” आणि तो दिवस गुरुवार आहे, आप्पा. मंगळवार नव्हे.

हे सगळं मला माहीत होतं. पेरं माझी, आकडा माझा, वारही माझ्या लक्षात. पण पासष्ट वर्षं ते एका खणात पडलं होतं आणि ‘पिऊन होता’ हे दुसऱ्या खणात, आणि दोन्ही खण कधी एकदम उघडले नाहीत. मी तिथेच बसून हसायला लागले. पुतण्याला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. त्यानं मला दंडाला धरून उठवलं.

मी त्याला म्हणाले, “उद्या तुजी गाडी घिऊन घाट चढायचा. चाळीस गोन्या, मी मोजनार. पयली गोनी केबिनला चिकटून. आन चालवनार ही.”

“काकू, गाडी माजी हाय.”

“मत बी तुजंच हाय. तेच तर तपासायचंय.”

रविवारी सकाळी आमचं वऱ्हाड निघालं. सून स्टेअरिंगला, मी मधे, पुतण्या दाराला. त्याचा एक हात दारावर आणि पाय खाली अशा ठिकाणी दाबलेला, जिथे त्याच्या बाजूला ब्रेक नव्हताच. गोण्या मी मोजल्या होत्या, तोंड मिटून. वीस गोण्या खाली राहिल्या त्यांच्याकडे तो घरची माणसं टाकून चालल्यासारखा बघत होता. “ह्यांचं काय करू?” म्हणाला. मी म्हणाले, उद्या आण, त्या कुठं पळून जात नाहीत. करंजी गेलं, चढ लागला. पहिलं वळण, दुसरं वळण.  सुनेच्या कपाळावरचा घाम मला बाजूनं दिसत होता. तिसरं वळण समोर आलं तेव्हा डोळे आपोआप मिटायला लागले, इतक्या वर्षांची सवय. मी ते उघडे ठेवले. पहिल्यांदाच नीट बघितलं. साधं वळण आहे हो. डाव्या बाजूला बाभळी आहेत, कुणीतरी शेळ्या सोडल्या होत्या. ज्या चारीत तुम्ही पडलात ती बुजवून रस्ता रुंद केला आहे, तुमची जागा डांबराखाली गेली.

सुनेनं स्टेअरिंग फिरवलं, दोन्ही हातांनी, पण जोर न लावता, पाळण्याची दोरी ओढावी तसं. गाडी वळली.

“आत्या, आली,” ती म्हणाली.

“काय आली?”

“हातात आली.”

पुतण्यानं दारावरचा हात काढला. माथ्यावर पोचल्यावर म्हणाला, “म्हंजी चुकी गाडीची न्हाई.” मी म्हणाले, “तुजी बी न्हाई. पाट्यावर भरवसा ठेवला, तो जुना व्हता, ह्यो नवा हाय. पन हितनं फुडं मोजायचं.” हे मी त्याला सांगत होते, पण माझं तोंड तुमच्याकडे होतं.

माथ्यावर चहा घेतला. तिथूनच सुनेनं एजन्सीत फोन लावला, घेतो म्हणून. त्या पोरीला, म्हणजे फोनवर बोलणाऱ्या एजन्सीच्या मुलीला, घरातल्या सगळ्यांचं मत लिहून घ्यायचं होतं, म्हणून फोन माझ्याकडे दिला. “आजी, नवी गाडी कशी वाटली?” मी म्हणाले, “गाडी ग्वाड हाय. पन पाटा बसला न्हाई म्हनून भरत बसू नका, आसं तिच्यावर लिवा.” ती म्हणाली, “आजी, गाडीबरोबर पुस्तक देतो आम्ही, त्यात सगळं लिहिलंय, किती वजन, कुठं ठेवायचं.” मी म्हणाले, “मंग पुस्तक वाचनारं मानूस बी द्या बरुबर.” ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. नगरला पोचलो, माल उतरवला, परत आलो. हो, नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्यात, पण कंडक्टर अजून नगर-नगरच ओरडतो, तेव्हा तुम्हाला रस्ता चुकायचं कारण नाही.

नवी गाडी येऊन आठवडा झाला. पांढरी आहे. सुनेचा हात हळूहळू वर जायला लागलाय, परवा वेणी स्वतःच घातली, वाकडी, पण स्वतः. हौद्याच्या आतल्या बाजूला तिनं लाल रंगाची रेघ मारून घेतली आहे, गोण्यांची रास तिथवर आली की बास. दूधवाल्यानं काय केलं तर गाडीला पितळी घंटा बांधली. पुतण्या आता मोजतो, पण मोठ्यानं मोजतो, लोकांना ऐकू जावं म्हणून. रात्रभर मला शांत झोप लागते, आणि पहाटे सून निघाली की मी उठून बघत नाही. नुसता आवाज ऐकते, तो नाहीच म्हटल्यावर कूस बदलते.

जेवताना मी मुलाला सांगितलं, “माजा बाप त्या दिवशी पिलेला न्हवता.” तो घास तोंडात ठेवून म्हणाला, “आई, आता कोन इचारतंय?” खरं आहे. पारावर हसणारे सगळे गेले, मामा गेला, शेठ गेला. ज्याला सांगायचं असा एकही माणूस उरला नाही, म्हणून हे तुम्हाला. नात विचारते, हे कागद कुठं ठेवायचे. मी म्हणाले, माझ्या साड्यांच्या घडीत ठेव, वाचणारा तिकडे जात नाही आणि मला वाचता येत नाही.

एक राहिलं, ते सांगते आणि थांबते. तुम्हाला दवाखान्यात नेल्यावर तुमचा सदरा धुवायला माझ्याकडे आला होता. धुण्याआधी मी त्याला नाक लावून वास घेतला. रक्ताचा होता, घामाचा होता, ज्वारीच्या भुश्याचा होता. दारूचा नव्हता. घरी मामा बसला होता, आई रडत होती, आणि मामा म्हणत होता, दारू सोडली की सगळं नीट होईल. आईनं तेवढंच धरून ठेवलं होतं. मी सदरा दगडावर आपटला आणि गप्प राहिले, आणि पुढे तो वासही त्या खणांच्या तळाशी टाकून मामाचंच खरं मानत गेले. पंधरा दिवसांनी तिनं तुम्हाला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली, आणि तुम्ही ती पाळली. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर तुमचे मंगळवार तुमच्याकडेच राहिले असते, हे मला पटतं. पण भिंगारला आल्यावर मंगळवारी संध्याकाळी आई दुकानासमोर तुमच्याशेजारी येऊन बसायची, दोघं शेंगा फोडत बसायचात, आणि ती हसलेली मला तिथेच पहिल्यांदा आठवते. म्हणून, आप्पा, चूक माझी, पण तिचा मला अजून पुरता पस्तावा होत नाही.